आखाजीचा झोका बांधायला तुमच्या कॉलनीत फांदी आहे का?

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, कुठेही नव्या कॉलनीत राहत असाल तर हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून बघा. आखाजी हा आपल्या खान्देशातला लेकीबाळींचा सण. येतो भर उन्हाळ्यात. लेक माहेरी येते, घागर पुजली जाते, आमरस-पुरणपोळी होते आणि निंबाच्या नाहीतर चिंचेच्या फांदीला झोका बांधला जातो. आता तुमच्या गल्लीतून एक चक्कर मारा. झोका पेलेल एवढी जाड फांदी किती घरांसमोर दिसते? बऱ्याच कॉलन्यांत उत्तर येईल, एकही नाही. झोका गेला स्लॅबच्या कडीला, नाहीतर बाजारातून आणलेल्या लोखंडी स्टँडला.

झोक्याचं एकवेळ सोडा. पण ज्या कॉलनीत अशी फांदी नाही, तिथे मे महिन्यात दुपारी सावली नसते. जिथे झाडाला मोकळी माती नाही, तिथे पावसाचं पाणी मुरायलाही जागा नसते. आणि जिथे पाणी मुरत नाही, तिथले बोअर एप्रिलमध्येच हवा फेकायला लागतात. या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि माझ्या मते त्यांचं मूळ एकाच ठिकाणी आहे. आपल्या कॉलन्यांना मालक भरपूर आहेत, कारभारी कोणी नाही.

पर्यावरण म्हटलं की आपण लगेच व्यक्तीवर येतो. तू कापडी पिशवी वापर, तू नळ बंद कर, तू ५ जूनला रोप लाव आणि फोटो टाक. हे सगळं चांगलंच आहे, कोणी करत असेल तर हसू नका. पण एकट्या घराने काय काय होणार? तुम्ही ओला-सुका कचरा वेगळा केलात आणि शेजारच्याने दोन्ही एकत्र करून कोपऱ्यावर पेटवलं, तर धूर तुमच्याच घरात येतो. तुम्ही छतावरचं पाणी जमिनीत जिरवलंत आणि मागच्या गल्लीत कोणी ४०० फूट बोअर मारला, तर तुमचं पाणी त्याच्या टाकीत. चांगल्या माणसाला चांगलं वागणं परवडलं पाहिजे, आणि त्यासाठी चार घरांचा मिळून एक नियम लागतो. नियम पाळून घेणारं कोणीतरी लागतं. यालाच मोठ्या शहरात ‘सोसायटी मॅनेजमेंट’ म्हणतात. आपण साधं कारभार म्हणू.

आपल्याकडे कारभार का नाही?

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे कलेक्टर ऑफिस आलं, जिल्हा परिषद आली, खाती आली, शिक्षक-कर्मचारी आले. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार शहराची लोकसंख्या १,११,०३७ भरली. शहराभोवतीच्या शेतांचे एन.ए. प्लॉट पडले आणि वाड्या-गल्ल्यांच्या जागी ‘नगर’, ‘पार्क’ आणि ‘कॉलनी’ आल्या. शहादा, तळोदा, नवापूरलाही कमीअधिक हेच.

पुण्या-मुंबईत माणूस फ्लॅट घेतो. जिना, लिफ्ट, टाकी, गच्ची सगळं सामाईक, त्यामुळे सोसायटी करावीच लागते. सेक्रेटरी कितीही भांडखोर असला तरी तो असतो. दरमहा मेंटेनन्स निघतो, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते. आपल्याकडे माणूस प्लॉट घेतो, बंगला नाहीतर रो-हाऊस बांधतो, कंपाउंड घालतो आणि गेट लावतो. गेटच्या आत सगळं माझं, गेटच्या बाहेर सगळं नगरपालिकेचं. मधलं, म्हणजे आपल्या सगळ्यांचं असं काही उरतच नाही.

गंमत बघा. आपल्याला एकत्र येता येत नाही असं मुळीच नाही. गणपती बसवायचा असला की पंधरा दिवसांत वर्गणी जमते, पावतीपुस्तक छापून येतं, मंडप उभा राहतो, हिशोबाचा फलक लागतो. श्रावणात कानबाई बसते तेव्हा अख्खी भाऊबंदकी रोटांच्या पिठापासून विसर्जनापर्यंत सगळं वाटून घेते आणि कुठे कोणाचं अडत नाही. एवढी व्यवस्थापनाची अक्कल ज्या लोकांकडे आहे, ती दहा दिवसांनी जाते कुठे?

ओपन स्पेस नावाची विसरलेली इस्टेट

तुमच्या कॉलनीची सामाईक मालमत्ता कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण ‘काही नाही’ म्हणतील. असते. लेआउट मंजूर करताना मोकळी जागा सोडावीच लागते. राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठा लेआउट असेल तर १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. दहा टक्क्यांची ही पद्धत त्याआधीच्या नियमांतही होती.

हिशोब करू. पाच एकराचा, म्हणजे दोन हेक्टरचा लेआउट असेल तर दहा टक्के म्हणजे २,००० चौरस मीटर. जवळपास २० गुंठे. आजच्या प्लॉटच्या भावाने याची किंमत तुम्हीच काढा. एवढी मोठी इस्टेट आपल्या साठ-सत्तर घरांच्या मालकीची असल्यासारखी आहे आणि तिचा नकाशाही आपल्याकडे नसतो.

मग तिथे होतं काय? पहिली काही वर्षं काटेरी बाभळी आणि बांधकामाचा राडारोडा. मग कोणीतरी वाळू-विटा टाकतो. मग सभामंडप येतो. मग निधी येतो आणि निधी आला की पेव्हर ब्लॉक येतात, कारण पेव्हर ब्लॉकचं उद्घाटन करता येतं, मातीचं करता येत नाही. शेवटी वीस गुंठ्यांतली मोकळी माती उरते ती भिंतीच्या कडेला हातभर. देवळाला माझा विरोध नाही. देऊळ दोन गुंठ्यांत होतं, बाकी अठरा गुंठ्यांना फरशी कशाला, एवढाच माझा सवाल आहे. देवालाही झाडाखालीच बरं वाटत असेल.

ही जागा कोणी गिळत असेल तर रहिवासी काही करू शकतात का? करू शकतात. बंगळुरूतल्या एका वसाहतीत बगिच्यासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती. तिथले रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मोकळी जागा ही रहिवाशांच्या आरोग्याची बाब आहे आणि ती जपण्यासाठी दाद मागायचा त्यांना अधिकार आहे, असा त्या निकालाचा सूर होता. हॉस्पिटलसारख्या चांगल्या कामासाठीसुद्धा बगिचा देता येणार नाही म्हटल्यावर बाकीच्या कामांचं काय सांगायचं.

छतावर पडणारे दहा टँकर

आता पाण्याकडे येऊ, कारण कॉलनीत बाईमाणसांची खरी झोप त्यानेच मोडते. नळ केव्हा येईल याच्यावर घराचं वेळापत्रक चालतं. आणि मोटर लावून पाणी ओढायची शर्यत लागली की शेवटच्या घराला थेंब येत नाही.

साधं गणित मांडतो. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे ९३ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरा. छतावर पडलं ६५ हजार लिटर. वाफ, गळती, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून ८० टक्के हाती लागलं तरी ५२ हजार लिटर. पाच हजार लिटरचे दहा टँकर झाले. साठ घरांच्या कॉलनीत हेच ३१ लाख लिटर होतं. हे सगळं आज आपण पाइपने रस्त्यावर सोडतो, रस्त्यावरून गटारीत, गटारीतून नाल्यात. आणि मार्चमध्ये टँकरवाल्याला फोन लावतो.

हे पाणी जमिनीत जातं का, टिकतं का, असा प्रश्न येतो. उत्तरासाठी लांब जायला नको. शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी जे काम उभं केलं ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून सगळ्यांना माहीत आहे. नाले रुंद आणि खोल करायचे, पाणी मुरू न देणारा थर काढायचा, त्यावर बंधारे बांधायचे आणि कोरड्या पडलेल्या विहिरींत जादा पाणी सोडून त्या भरायच्या. त्यामागचं तत्त्व कॉलनीलाही लागू पडतं. तापीकाठची जमीन गाळाची, त्यात पिवळ्या मातीचे जाड थर. त्यातून पाणी आपोआप खाली जायला फार वेळ लागतो, म्हणून त्याला वाट करून द्यावी लागते. नवापूरकडे आणि नंदुरबारच्या आसपास काळा बेसाल्ट खडक. तिथे पाणी साठतं ते भेगांत आणि मुरुमात. दोन्हीकडे गोष्ट एकच, नुसता खड्डा खणून भागत नाही. जागा बघून, जाणकाराला विचारून काम करावं लागतं.

नियम काय म्हणतो? ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे. गोम इथेच आहे. आपले बंगले होतात दीडशे-दोनशे मीटरच्या प्लॉटवर. म्हणजे एकेकटं घर नियमातून सुटतं. पण त्याच नियमात लेआउटच्या मोकळ्या जागांचाही उल्लेख आहे. म्हणजे जे घराला सक्तीचं नाही ते कॉलनीला लागू होतं, आणि कॉलनी म्हणून तर कोणी अस्तित्वातच नाही!

म्हणून माझं म्हणणं असं. प्रत्येक घराने आपापला बोअर भरत बसण्यापेक्षा एका गल्लीच्या छतांचं पाणी एका पाइपात आणून, गाळून, ओपन स्पेसमधल्या पुनर्भरण खड्ड्यात सोडा. कॉलनीत एखादा आटलेला बोअर असेल तर उत्तम, त्याच्याभोवती खडी, कोळसा, वाळूचं गाळण करून तो पुनर्भरणाला वापरता येतो. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. एक, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, त्यात छतावरची धूळ आणि पाखरांची घाण असते. दोन, संडासाच्या शोषखड्ड्यापासून हे काम लांब ठेवायचं. नाहीतर पाणी वाढेल आणि त्यासोबत जुलाबही वाढतील.

आणि बोअरचं काय? महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा ६० मीटर किंवा त्याहून खोल, म्हणजे साधारण २०० फुटांपासून पुढच्या विहिरीला ‘खोल विहीर’ म्हणतो आणि तिच्यावर नियंत्रणाची तरतूद करतो. पण रात्री बोअरची गाडी गल्लीत येते तेव्हा कायदा झोपलेला असतो. जागं असतं ते शेजाऱ्यांचं मंडळ, असलं तर. नव्या बोअरआधी कॉलनीच्या सभेत विचारायचं, एवढा ठराव केला तरी शर्यत थोडी थांबेल. कारण या शर्यतीत हरतो तो कमी पैशाचा. ज्याच्याकडे दीड लाख आहेत तो अजून शंभर फूट खाली जातो, आणि निवृत्त मास्तरांचा जुना बोअर कोरडा पडतो.

कचरा: घंटागाडी येईपर्यंतचा आणि गेल्यानंतरचा

घनकचऱ्याचे २०१६ चे नियम आठवा. ओला, सुका आणि घातक घरगुती असे तीन भाग घरातच करायचे, रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेत फेकायचा नाही, जाळायचा नाही, ही जबाबदारी त्यांनी कचरा करणाऱ्यावर टाकली. शिवाय पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींनी जमेल तेवढा ओला कचरा आवारातच जिरवावा असंही त्यात आलं. आपली खुली कॉलनी या व्याख्येत बसते की नाही यावर वकिलांना वाद घालू द्या. काम आपल्याला करता येतं.

पुन्हा हिशोब. छोट्या शहरात माणशी दिवसाला साडेतीनशे ग्रॅम कचरा धरला तर साठ घरांच्या, तीनशे माणसांच्या कॉलनीत शंभर किलोच्या आसपास होतो. त्यातला निम्मा किंवा थोडा जास्त ओला. म्हणजे रोजचा ५०-५५ किलो भाजीचा देठ, साली, उरलेलं अन्न आणि बागेचा पाला. एवढ्यासाठी परदेशी यंत्र नको. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी शोधलेली नाडेप पद्धत आपल्या बापजाद्यांनी शेतात वापरलेली आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली विटांची टाकी. पाला, ओला कचरा, शेण, मातीचे थर. तीन-चार महिन्यांत खत. ओपन स्पेसच्या कोपऱ्यात अशा काही टाक्या आळीपाळीने भरायच्या. माती आणि सुका पाला वरचेवर घातला तर वास येत नाही. न घातला तर येतो, आणि मग सगळी कॉलनी त्या उपक्रमाच्या नावाने बोटं मोडते. म्हणून हे काम पगारी माणसाकडे पाहिजे. दर घरामागे महिन्याला दीडशे रुपये काढले तर साठ घरांचे नऊ हजार होतात. एक माणूस अर्धा दिवस नीट काम करू शकतो, तेही सन्मानाच्या मोबदल्यात. त्याला हातमोजे द्या, आजारपणाची सुट्टी द्या. ‘पर्यावरणपूरक’ म्हणवून घेणारी कॉलनी सफाई करणाऱ्याला राबवून घेत असेल तर तिच्या खताला काही अर्थ नाही.

आणि हिवाळ्यात सकाळी सकाळी पाला पेटवून शेकणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती. तो पाला नाडेपच्या टाकीचं अन्न आहे. त्यात तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशव्याही टाकता, आणि समोरच्या घरात दम्याच्या आजी असतात.

झाड लावणं सोपं, राखणं कारभाराचं काम

आपल्या कॉलन्यांत झाडं निवडतं कोण? नर्सरीवाला. लवकर वाढणारं, हिरवं दिसणारं, पानगळ नसलेलं. म्हणून रस्तोरस्ती कोनोकार्पस उभं राहिलं. आपल्या सीमेपलीकडच्या गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आरोग्य आणि पर्यावरण, दोन्हींवर त्याचा वाईट परिणाम होतो म्हणून. आपण मात्र अजून ते कंपाउंडला लावतो आहोत. सातपुड्याच्या पायथ्याशी राहून झाडांची अशी गरिबी? निंब, करंज, बहावा, अर्जुन, कदंब, चिंच, जांभूळ आहे. मोह आहे. जिल्ह्यातले जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी, त्यांच्या घरात मोहाला देवाचं स्थान, आणि जिल्ह्याच्या गावातल्या कॉलनीत मोहाचं एक झाड नाही, हे जरा विचित्रच. मोह हळू वाढतो हे खरं. पण कॉलनी काय दोन वर्षांसाठी बांधली आहे का?

लावलेलं झाड मरतं ते दोन कारणांनी. पहिल्या तीन उन्हाळ्यांत पाणी मिळत नाही, आणि मोठं झालं की बुंध्यापर्यंत काँक्रीट येतं. दिल्लीत याच कारणासाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याला लवादाची वाट बघायची गरज नाही. रस्त्याचं काम सुरू असताना ठेकेदाराजवळ दोन माणसं उभी राहिली की आळं सुटतं. पण ती दोन माणसं कोण, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये नवापूरला रंगावलीचा पूर आला होता, तो आपण विसरलेलो नाही. तो पूर कॉलनीच्या फरशीने आला असं कोणी म्हणणार नाही. पण जोराच्या पावसात प्रत्येक फरसबंद अंगण आपल्या वाटचं पाणी खालच्या वस्तीकडे ढकलतं, आणि खालच्या वस्तीत कोण राहतं हे तुम्हाला-मला ठाऊक आहे.

ज्यांनी करून दाखवलं

पुण्याजवळ मगरपट्ट्याचं उदाहरण नेहमी दिलं जातं. शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली आणि तिथे स्वतःच वसाहत उभारली. कचऱ्याचं वर्गीकरण, ओल्या कचऱ्यापासून खत आणि बायोगॅस, पावसाचं पाणी, सौर बंब हे सगळं तिथे व्यवस्थापनाचा भाग आहे. रहिवासी आला की त्याला त्या पद्धतीत बसावंच लागतं. तुम्ही म्हणाल, ते पुण्याचं, तिथे पैसा आहे. मान्य.

मग पैसा नसलेल्यांचं घ्या. हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला आणि शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असा नियम पाळला. आणि आपल्या अगदी बाजूला, साक्री तालुक्यातलं बारीपाडा. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती या गावाच्या कामासाठी. उजाड झालेलं जंगल गावाने राखून पुन्हा उभं केलं. कसं? सभा घेतली, नियम केले, झाड तोडणाऱ्याला दंड ठेवला, राखण ठेवली, आणि नियम सगळ्यांना सारखे ठेवले. ना मोठा बजेट, ना सल्लागार कंपनी.

आपण शिकलेसवरलेले, नोकरदार, पेन्शनर, व्यापारी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज शंभर सुप्रभात पाठवणारे. एका आदिवासी पाड्याला हजार एकरांचा कारभार जमतो आणि आपल्याला वीस गुंठ्यांचा जमत नाही?

नेहमीच्या हरकती

‘आम्ही घरपट्टी भरतो, नगरपालिका करेल.’ नगरपालिकेने करायचंच आहे, तिला सोडायचं नाही. पण एकेकटा माणूस अर्ज घेऊन गेला तर तो अर्ज असतो, आणि साठ घरांचा सही-शिक्क्याचा ठराव गेला तर ती मागणी असते. पुणे महापालिका सौर यंत्रणा, गांडूळखत, पर्जन्यजल संकलन करणाऱ्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. तशी सवलत आमच्याकडेही द्या, हे मागायला संघटित कॉलनी लागते. राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा’ अभियान ऑक्टोबर २०२० पासून चालू झालं, त्यात नगरपालिकांना याच कामांचे गुण मिळतात. म्हणजे तुमचं काम झालं तर त्यांचाही फायदा. बोलायला जागा आहे.

‘पैसे कुठून आणायचे?’ घरामागे दीडशे रुपये म्हणजे महिन्याला मोबाइलचा रिचार्जही नाही. शिवाय योजना आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराला तीन किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान ठेवलं. पण गृहनिर्माण संस्था आणि रहिवासी संघांनाही सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८ हजार ठेवले, हे फार थोड्यांना माहीत आहे. कॉलनीचा सामाईक पंप त्यावर चालू शकतो. अट एकच, संघ नोंदवलेला पाहिजे. आपल्याकडे मंदिराचा ट्रस्ट नोंदवलेला असतो, कॉलनी नोंदवलेली नसते.

‘भांडणं होतील.’ होतीलच. आताही होतात, फक्त पार्किंगवरून आणि सांडपाण्यावरून. भांडण सभेत झालं तर त्याचा ठराव होतो, गल्लीत झालं तर पोलीस केस होते.

आणि एक हरकत आपल्या अहिराणीत येते, ‘कसाले पडस तू या भानगडमा?’ याला काय उत्तर द्यायचं! भानगडीत आपण आधीच पडलेलो आहोत, फक्त न बोलता.

तर मग सुरुवात कुठून?

एका रविवारी संध्याकाळी ओपन स्पेसमध्येच सतरंजी टाका. सभा तिथेच घ्या, म्हणजे सगळ्यांना ती जागा एकदा नीट बघता येईल. घरटी एक माणूस, पण निम्म्या तरी बायका असू द्या. सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर महिलांसाठी राखीव जागा आहेत त्या उगाच नाहीत. पाणी कधी येतं, कचरा कुठे साचतो हे त्यांनाच माहीत असतं. भाडेकरूंनाही बोलवा, पाणी तेही पितात.

मग हे पाच ठराव:

१. मंजूर लेआउटच्या नकाशाची प्रत नगरपालिकेतून काढायची, ओपन स्पेस मोजून घ्यायची आणि तिच्या कडेला फलक लावायचा. माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करायचा.

२. कॉलनीची संस्था नोंदवायची. सहकार कायद्याखाली किंवा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, जे सोयीचं असेल ते. बँकेत खातं, दोन सह्या, दर तीन महिन्यांनी हिशोब फलकावर.

३. ओपन स्पेसमध्ये यापुढे फरशी नाही. चालायची वाट सोडून सगळी जमीन मातीची. पुढचा निधी मागायचा तो पुनर्भरणासाठी आणि झाडांसाठी.

४. येत्या पावसाळ्याआधी निदान एका गल्लीच्या छतांचं पाणी जमिनीत. एक गल्ली झाली की दुसरी आपोआप विचारायला येते.

५. एक पगारी माणूस, नाडेपच्या टाक्या, आणि कचरा जाळला तर दंड. दंड थोडाच असू द्या, पण अध्यक्षाच्या घरालाही तोच.

यातलं काहीही अवघड नाही. अवघड आहे ते पहिला निरोप पाठवणं. कॉलनीच्या ग्रुपवर हा मजकूर टाका आणि खाली एकच ओळ लिहा, ‘रविवारी सहा वाजता, ओपन स्पेसमध्ये.’ पाच जण आले तरी सभा झाली असं धरा आणि इतिवृत्ताची वही उघडा.

आणि इथे खाली सांगा, तुमच्या कॉलनीचा ओपन स्पेस किती गुंठ्यांचा आहे आणि आज त्यात काय आहे. कॉलनीचं नाव नाही लिहिलं तरी चालेल. कोणी काही चांगलं केलं असेल तर ते जरूर लिहा, आम्ही बघायला येऊ. आणि ‘आमच्याकडे ओपन स्पेसच नाही’ असं कोणी लिहिणार असेल, तर त्यांनी आधी नकाशा काढून बघावा. कागदावर तो बहुधा सापडेल.